फोन बंद नव्हता

चोवीस वर्षं कपाळाला भिंगाचा पट्टा बांधून बसल्यामुळे त्यांच्या भुवयांच्या वर एक आडवी खूण पडली होती. पट्टा काढला तरी ती जात नसे, आणि हा माणूस सतत काहीतरी आठवायचा प्रयत्न करतोय असं बघणाऱ्याला वाटे. आधी ते मनगटी घड्याळं दुरुस्त करत. लोकांनी घड्याळं घालायची सोडली तेव्हा ते मोबाईलकडे वळले. भिंग तेच, चिमटे तेच, बूड टेकायचं स्टूलही तेच. सगळे त्यांना भिंगवाले म्हणत.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मधली भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची फळी. पलीकडे शिंक आली तर अलीकडून मी तब्येत विचारावी, इतकी पातळ. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलं आहे. उरलेलं त्यांनी सांगितलं, तेही खोदून खोदून विचारल्यावर. बोलण्याच्या बाबतीत ते भलतेच काटकसरी होते.

त्यांचं नाव झालं ते एका जुन्या मोबाईलमुळे. मॉडेल दणकट होतं, पण कंपनीनं ते बनवायचं बंद केलं आणि त्याच्या बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या. एरवी धडधाकट असलेले मोबाईल लोकांच्या कपाटांत पडून राहिले. दुरुस्ती करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मोठा ग्रुप होता, त्यात कुठकुठचे कारागीर होते. तिथे कोणीतरी युक्ती टाकली, की दुसऱ्या एका मोबाईलची मोठी बॅटरी यात बसते, फक्त आतली प्लॅस्टिकची एक कड तासावी लागते. भिंगवाल्यांनी ती करून पाहिली. पहिला मोबाईल सहा महिने स्वतः वापरला आणि मगच लोकांना करून द्यायला सुरुवात केली. एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको. दवाखान्यातले मदतनीस, शाळेचे शिपाई, बसचे ड्रायव्हर, रखवालदार, म्हणजे ज्यांना नवा मोबाईल परवडत नाही आणि कामात चार्जिंगला सवड नाही, असे सगळे त्यांच्याकडे यायला लागले. दीड वर्षात एकशे त्र्याण्णव मोबाईल झाले. आकडा पक्का आहे, कारण प्रत्येक मोबाईलच्या झाकणाच्या आत ते बारीक अक्षरात क्रमांक घालत आणि वहीत त्या क्रमांकापुढे माणसाचा पत्ता लिहीत. सत्तेचाळीस नंबरचा माझा.

एकशे बारा नंबरचा एका ताईंचा होता. पन्नाशी उलटलेल्या, बारीक चणीच्या, चालताना हात अंगाशी धरून चालणाऱ्या. चौकातल्या दवाखान्यात त्या मदतनीस होत्या. हत्यारं धुणं, उकळणं, चादरी बदलणं हे त्यांचं काम. लग्न केलं नव्हतं. घरी म्हातारी आई, आणि भाऊ दोन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात. आईला उठून दार उघडायला त्रास व्हायचा म्हणून ताई जाताना बाहेरून कुलूप लावून जायच्या. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी भावाकडे. शेजारणीकडे दोघांचे फोन नंबर लिहून ठेवलेले होते.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आई न्हाणीघरात घसरून पडली. शेजारणीनं भिंतीतून हाका ऐकल्या. तिनं ताईंना फोन लावला. संपर्क होऊ शकत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ताई कोणत्या दवाखान्यात असतात ते तिला ठाऊक नव्हतं, आणि आई आतून ओ देत होती, त्यामुळे लेक आता येईल, मग येईल, असं म्हणत शेजारीण फोन लावत राहिली. शेवटी तिनं भावाला कळवलं. त्यानंही चार वेळा लावून पाहिला आणि मग दार फोडायला सांगितलं. तोवर एक वाजत आला होता. शेजारणीचे सात आणि भावाचे चार, असे अकरा फोन झाले होते. आणि ताई त्या सगळ्या वेळात घरापासून पायी पंधरा मिनिटांवर हत्यारं उकळत होत्या. एक वाजता त्यांनी मोबाईल हातात घेतला, तर रेंज फुल, बॅटरी फुल, आणि एकामागून एक मेसेज आले की तुम्हाला फोन येऊन गेले.

आई संध्याकाळी गेली. मांडीचं हाड मोडलं होतं आणि आत रक्तस्राव झाला होता. दोन तास आधी आणली असती तर काही करता आलं असतं, असं मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. त्यांनी सहज सांगितलं असेल. पण ते ऐकणाऱ्याच्या मनात घर करून बसलं.

दहा-बारा दिवसांनी ताई भिंगवाल्यांच्या काउंटरशी आल्या. आवाज चढवतील, निदान रडतील, असं मला फळीच्या अलीकडे वाटत होतं. त्यांनी झाला प्रकार क्रमानं सांगितला, जणू दुसऱ्याच कोणाचा, आणि मोबाईल काचेवर ठेवला.

"दादा म्हणतो, तू फोन बंद करून ठेवला होतास. गावाच्या मधोमध रेंज नाही असं कसं होईल, म्हणतो," त्या म्हणाल्या. "माझा फोन बंद नव्हता. मग लागला का नाही, तेवढं मला सांगा."

भिंगवाल्यांनी तो तीन दिवस ठेवून घेतला. उघडला, तपासला, मला शंभर वेळा फोन लावायला लावला. प्रत्येक वेळी वाजला. चौथ्या दिवशी त्यांनी ताईंना सांगितलं की मोबाईलमध्ये दोष सापडत नाही, त्या वेळी टॉवरचं काहीतरी झालं असावं. ताईंनी मान हलवली आणि मोबाईल घेऊन गेल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे पाठीवरूनच दिसत होतं.

खरं म्हणजे प्रकरण इथेच मिटलं असतं. ते पुढे गेलं याला थोडाफार मीही कारणीभूत आहे. माझी बायको कित्येक दिवस कुरकुर करत होती की दुकानात असताना तुमचा फोन लागत नाही. मला स्वतःला त्यात काही वाईट दिसलं नव्हतं. बाजारातून काय काय आणायचं ते संध्याकाळपर्यंत कळत नसे, याला मी वरदानच समजत होतो. पण त्या दिवशी फळीपलीकडे ताईंचं बोलणं ऐकल्यावर मला ते वरदान वाटेना. मी पलीकडे जाऊन भिंगवाल्यांना सांगितलं. तेव्हापासून ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाईकाला विचारायला लागले. नऊ जणांत चौघं म्हणाले, हो, लोक म्हणतात लागत नाही म्हणून; पण आपण बघावं तर रेंज फुल असते, तेव्हा लोकांचंच काहीतरी चुकत असेल.

त्यांनी ग्रुपवर विचारलं. तिथे त्यांची यथेच्छ टिंगल झाली. टॉवरला शिव्या द्या, एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, बॅटरीचा आणि रेंजचा काय संबंध, उद्या चपलेनं डोकं दुखतं म्हणाल.

"एका मोबाईलकडे बघून हे कळायचं नाही," भिंगवाले मला म्हणाले. "सगळ्यांना विचारायला पाहिजे."

त्यांनी प्रश्न काढले, मी ते टाईप केले आणि दोनशे प्रती मारल्या. सिम कोणत्या कंपनीचं? बॅटरी कोणत्या महिन्यात बसवली? मोबाईल पडला होता का? दिवसभर कुठे ठेवता? चार्ज कधी करता? लागत नाही अशी तक्रार कोणी केली का, किती वेळा, कोणत्या वेळी? हेच प्रश्न त्यांनी ग्रुपवरही टाकले. शिव्या खाल्ल्या तरी टाकले.

कागद वाटायला माणूस नव्हता. मी फळीवर टकटक करून म्हणालो की ताईंना विचारू या. भिंगवाल्यांना ते पटलं नाही. ज्या बाईची आई गेली तिला दारोदार कसं पाठवायचं, म्हणाले. पण ताई आपणहून आल्या. दवाखान्यातल्या सहा जणींकडे हाच मोबाईल होता, आणि तो घ्यायला ताईंनीच त्यांना सुचवलं होतं. कामावरून सुटल्या की त्या कागदांची पिशवी घेऊन निघायच्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं स्वतः लिहून घ्यायच्या. लोक काय हवं ते सांगत. मोबाईल पडला होता का, याला झाडून सगळ्यांनी "नाही" लिहिलं होतं, आणि एकाही मोबाईलचा कोपरा शाबूत नव्हता. कुठे ठेवता, याला एका ड्रायव्हरनं लिहिलं होतं, बायकोपासून लांब. एका निवृत्त शिक्षकांनी पुरवणी जोडून तीन पानं भरली होती, त्यातली दोन सरकारवर होती. ताईंनी तीसुद्धा नीट टाचून आणली.

महिन्याभरात एकशे चाळीस कागद जमले. एका सुट्टीच्या दिवशी, बाजार बंद असताना, आम्ही तिघं माझ्या दुकानात जमिनीवर बसलो. लागत नाही अशी तक्रार असलेले कागद एकतीस निघाले. भिंगवाल्यांनी आधी सिमप्रमाणे गठ्ठे लावले. काही निघालं नाही. बॅटरीच्या महिन्याप्रमाणे लावले, काही नाही. चार्ज करायची वेळ, तक्रारीची वेळ, राहायचा भाग, सगळं झालं. दुपार झाली. मी चहा आणला, तो निवला. भिंगवाले दोन्ही हातांनी कपाळ चोळत होते.

ताई एक वेगळाच गठ्ठा करत होत्या. एकेक कागद वाचायचा आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायचा. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "ड्रायव्हरांची एकाचीही तक्रार नाही."

"ते फिरतीवर असतात," मी म्हणालो.

"फिरतीवर तर जास्त असायला हवी. ते मोबाईल समोरच्या चिमट्यात अडकवतात, घट्ट. रखवालदार कमरेच्या पाकिटात ठेवतात, त्यांचीही नाही. तक्रार असणारे बघा. टेबलावर ठेवतो. खिडकीत ठेवतो. यंत्रावर ठेवतो." त्यांनी माझा कागद उचलला. "हे झेरॉक्सच्या यंत्रावर ठेवतात. आणि मी हत्यारं उकळायच्या यंत्राशेजारच्या ट्रेमध्ये. आम्हाला आत कव्हर चालत नाही, पुसता येत नाही म्हणून."

भिंगवाल्यांनी माझ्याकडे हात केला. मी माझा मोबाईल दिला. त्यांनी तो उघडला, भिंग डोळ्यांवर ओढलं आणि आत बघत बसले. मग झाकण परत लावलं, माझं यंत्र चालू करायला सांगितलं आणि मोबाईल त्याच्या गरम पाठीवर नुसता ठेवून दिला. अर्ध्या तासानं त्यांनी ताईंना त्या नंबरवर फोन लावायला सांगितलं.

ताईंनी लावला. संपर्क होऊ शकत नाही. त्यांनी आवाज मोठा करून आम्हाला ऐकवला. पुन्हा लावला. तेच. भिंगवाले वाकून, हात न लावता, माझ्या मोबाईलच्या काचेकडे बघत होते. रेंजची एकही रेघ नव्हती. मग त्यांनी तो उचलला. उचलताना अंगठा आणि बोटं दोन्हीकडून दाबली जातात, तेवढाच दाब. रेघा भरल्या. ताईंच्या फोनच्या तिसऱ्या खेपेला तो त्यांच्या हातात वाजला.

ते कसं होतं हे त्यांनी नंतर मला समजावलं. रेंज पकडणारी पट्टी मागच्या झाकणाला चिकटवलेली असते, आणि आत दोन स्प्रिंगचे पत्रे तिला टेकून असतात. मोठी बॅटरी केसभर जाड होती. तिनं झाकण केसभर उचललं. गार असताना पत्रे कसेबसे टेकत. मोबाईल तापला, बॅटरी जराशी फुगली, की सुटत. हातात घेतला की परत टेकत. कव्हर असलं, चिमटा असला, की सुटतच नसत. म्हणून रेंज गेलेली कोणाला दिसायचीच नाही. बघायला जावं तर मोबाईल हातात घ्यावा लागतो.

त्या दुपारी त्यांनी हे काहीच सांगितलं नाही. भिंग वर सरकवलं आणि ताईंकडे बघितलं.

"कंपनीची बॅटरी असती तर वाजला असता," ते म्हणाले. "ही मी बसवली आहे."

मला वाटलं आता तरी ताई काही बोलतील. त्या जमिनीवरचे कागद गोळा करत राहिल्या. मग विचारलं, "मी नीटच ठेवला होता ना?"

"हो."

"माझं काही चुकलं नाही ना?"

"नाही."

"हे दादाला येऊन सांगाल?"

त्यांनी मान डोलावली. ताई पिशवी घेऊन निघून गेल्या. भिंगवाल्यांनी माझ्या मोबाईलला रबरी कव्हर घातलं.

घरी त्यांच्या बायकोनं अडवलं. वहिनी काही दुष्ट बाई नव्हेत. त्यांचं म्हणणं मला वहिनींकडूनच कळलं, आणि ते अगदीच चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. सगळे मोबाईल गुपचूप परत मागवा, दुरुस्त करून द्या, पण कोणाच्या घरी जाऊन गुन्हा कबूल करू नका. तुम्ही सांगितल्यानं ती म्हातारी परत येणार आहे का, असं त्या म्हणाल्या. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगवाल्यांनी मला बरोबर यायला सांगितलं.

ताईंचा भाऊ पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं काम चाले. तिथे उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, ग्रीसचा वास. साठीचा, थोराड माणूस. आम्ही कोण ते कळल्यावर त्यानं बसा म्हटलं नाही. भिंगवाल्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बरोबर ताईंचाच मोबाईल आणला होता. समोर चाचणीला लावलेली एक मोटार गरम झालेली होती, तिच्यावर तो ठेवला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत उभे राहिलो. कोणी मृत माणसाजवळ उभं राहावं तसं वाटत होतं.

वेळ झाल्यावर भावानं स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला. संपर्क होऊ शकत नाही. त्यानं मोबाईल उचलला, तो वाजला. त्यानं भिंगवाल्यांना झाकण काढायला लावलं. पत्रे बघितले. बोटानं दाबले, सोडले, दाबले. तो कारागीर माणूस होता, त्याला समजावून सांगायची गरजच नव्हती. सैल जोड म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणाला कळणार.

त्यानं झाकण लावून मोबाईल टेबलावर ठेवला आणि हात पुसायला चिंधी घेतली. पुसतच राहिला.

"आई शुद्धीवर होती," तो म्हणाला. "मी पोचलो तेव्हा. ही तिच्या उशाशी उभी होती. मी आईसमोर हिला म्हणालो, तू फोन बंद करून ठेवलास म्हणून हे झालं. आईनं हिच्याकडे बघितलं. त्यानंतर ती बोलली नाही."

त्यानं चिंधी टेबलावर टाकली.

"आई ते खरं समजून गेली," भाऊ म्हणाला. "आता हे मी कुणाला सांगू?"

मग त्यानं आम्हाला जायला सांगितलं. रागानं नाही. त्याला एकट्याला बसायचं होतं. बसमध्ये दोन तास भिंगवाले खिडकीबाहेर बघत होते. भाऊ हे आईसमोर बोलला होता, हे ताईंनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, हे दोघांच्याही मनात असावं. उतरताना ते एवढंच म्हणाले की उद्या दुकानावर पाटी लावतो.

पाटी मीच छापून दिली. तिच्यात आडपडदा नव्हता. मोठी बॅटरी बसवलेल्या मोबाईलमध्ये दोष आहे, तो माझ्या कामामुळे आला आहे, ताबडतोब आणून द्या. खाली त्यांचं पूर्ण नाव. ते नाव मीही तेव्हा पहिल्यांदा वाचलं. पंधरा दिवसांत त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक निम्मं झालं. जी माणसं वर्षानुवर्षं त्यांच्या काउंटरला रेलून गप्पा मारायची ती पाटी वाचून पुढच्या चौकात जायला लागली. एकजण तर माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेला, की माणूस भरवशाचा राहिला नाही का.

मोबाईल परत घेणं त्याहून अवघड गेलं. दुसऱ्या एका मॉडेलची पातळ बॅटरी त्यात बसत होती, पण ती बसवली की मोबाईल दिवसभरच चालणार होता, आणि ते लोकांना नको होतं. दोन दिवस चालतोय, कशाला हात लावता, असं म्हणत कितीतरी जणांनी तो परत नेला. भिंगवाले त्यांना हात जोडत, घट्ट कव्हर स्वतः चढवून देत आणि ते काढू नका म्हणून बजावत. काही जण हसत. जे आलेच नाहीत त्यांना ते फोन लावत, आणि पलीकडून उत्तर येई की संपर्क होऊ शकत नाही. माणूस गाव सोडून गेलाय, नंबर बदललाय, की मोबाईल आत्ता कुठेतरी तापून निपचित पडलाय, हे कळायला मार्ग नव्हता. मग ते वहीतल्या पत्त्यावर पायी जात. सुट्टीचे सगळे दिवस त्यात गेले. एकशे त्र्याण्णवांपैकी एकशे शहाऐंशींचा पत्ता लागला. सातांचा शेवटपर्यंत लागला नाही.

ग्रुपवर त्यांनी मोबाईलला कव्हर आहे का, हा एक प्रश्न वाढवला होता आणि सापडलेलं कारण फोटोसह टाकलं होतं. सहाशेच्या वर लोकांनी उत्तरं दिली. ज्यांनी टिंगल केली होती त्यांनीही दिली. तक्रार असलेल्यांत कव्हरवाला एकही नव्हता. ही युक्ती जगभर किती हातांनी केली होती याचा तेव्हा पहिल्यांदा अंदाज आला. त्या उत्तरांच्या खाली एका अनोळखी बाईनं लिहिलं होतं. तिचा नवरा कामावर असताना कोसळला होता. मुलाला फोन लागला नव्हता. वर्षभर ती मुलाशी धड बोलली नव्हती. आता त्याला काय सांगू ते कळत नाही, असं लिहून तिनं भिंगवाल्यांचे आभार मानले होते. आभार वाचून ते दुकानातून उठून बाहेर गेले आणि बराच वेळ रस्त्यावर उभे राहिले. तिला काय उत्तर द्यावं, असं त्यांनी मला विचारलं. त्यांनी दोन दिवस लिहून खोडून शेवटी, मला माफ करा, एवढंच लिहिलं.

वर्षभरानं त्यांनी दुकान सोडलं. डोळे गेलेत असं सांगितलं, पण डोळे चांगले होते. आता ते चष्म्याच्या एका दुकानात काड्यांचे स्क्रू बसवायचं काम करतात. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली, दुसऱ्या कोणाच्या नावानं. मी मधे भेटायला गेलो होतो. बरे आहेत. कपाळावरची खूण फिकी झाली आहे. मोबाईलचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. वहिनी मात्र मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या की अजून रस्त्यात कोणाच्या हातात तो मोबाईल दिसला की हे त्या माणसामागे चालत जातात.

ताई अजून त्याच दवाखान्यात आहेत. गेल्या महिन्यात घराच्या कागदांच्या प्रती काढायला माझ्याकडे आल्या होत्या. घर आईच्या नावावर होतं, ते आता त्यांच्या नावावर व्हायचं होतं, आणि त्यासाठी भाऊ सही द्यायला येऊन गेला होता. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी विचारलं, काही बोलला का?

"नाही," ताई म्हणाल्या. "न्हाणीघरातला नळ गळत होता. तो उघडून बसला. दोन तास लागले त्याला. आत जाताना चपला काढल्या, निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा."

"आईचा विषय?"

"निघाला नाही."

मी प्रती मोजून दिल्या. त्यांनी त्या एकेक करून तपासल्या, एका पानाचा कोपरा कापला गेला होता तो मला दाखवला, आणि मी ते पान दुसऱ्यांदा काढेपर्यंत उभ्या राहिल्या.